सोमलिंगचा हिरवा चुडा

अक्कलकोटच्या पुढे, मराठी बोलता बोलता माणूस कन्नडवर कधी घसरला हे त्याचं त्यालाच कळत नाही, अशा एका गावात काशम्मा बांगड्या भरते. धंदा मुळात तिच्या नवऱ्याचा, कल्लप्पाचा. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून तो दारोदार फिरायचा आणि सोप्यात बसून, गोड बोलत, बायकांच्या हातात बांगड्या चढवायचा. गावातली टोळकी त्याला 'बायल्या' म्हणायची. कल्लप्पा हसून पुढच्या दारी जायचा. त्या शिवीपायी त्याचं एकही गिऱ्हाईक तुटलं नाही.

कल्लप्पा वारला आणि माळा काशम्माच्या खांद्यावर आल्या. धंदा तोच राहिला, शिवी तेवढी बदलली. बाप्याला टाकून बोलायचं तर त्याला बाई म्हणायचं, आणि बाईला बोलायचं तर तिला नवरा नाही म्हणायचं, नाहीतर फार आहेत म्हणायचं. काशम्माच्या वाट्याला दोन्ही आलं.

त्यातली एक शिवी मात्र तिचा धंदा बसवून गेली. सोमलिंग हा पंचायतीचा मेंबर. त्याच्या बहिणीच्या लग्नात काशम्मा नवरीचा हात हातात घेऊन चुड्यातली पहिली बांगडी चढवत होती. सोमलिंग भर मांडवात ओरडला, "ऊठ! रांडमुंड बाई, सवाष्णीच्या हाताला हात लावतीस? अपशकुन करतीस?" त्याची आई पार्वतम्मा शेजारीच उभी होती. जन्मभर कल्लप्पाकडून हात भरून घेतलेली ही बाई, तिनं तोंड फिरवलं. काशम्मा चुडा गुंडाळून उठली. त्या दिवसापासून एकाही लग्नघरानं तिला बोलावलं नाही, आणि लग्नाचे चुडे गेल्यावर बांगडीवालीकडे उरतं काय? बाजारच्या दिवशी टिकल्या आणि पिना.

ती रडली नाही. तो परत आणलेला चुडा ती अधूनमधून काढायची, पुसायची आणि म्हणायची, "येशील बाबा. कधीतरी येशील." तिला सोमलिंगचं वाटोळं नको होतं. तिला फक्त त्याचा हात हवा होता.

यंदाच्या उन्हाळ्यात तो आला. डीपी जळून आठवडा झाला होता, ऊस वाळत होता आणि विजेचा साहेब फोन उचलत नव्हता. सोमलिंगनं मोर्चा ठरवला. मोबाइल घेतलेली पोरं, पार्वतम्मा आणि चार बायका असा सगळा लवाजमा काशम्माच्या दारात उभा राहिला.

"ए काशम्मा, बांगड्या दे. सायबाला आहेर करायचा हाय. बायल्या हाय साला!"

"माप?"

"त्याच्या हाताचं माप मला काय म्हाईत?"

"तुझ्यासारकाच असंल की त्याचा हात. आन हिकडं. व्हिडिओ बी झकास हुईल."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. सोमलिंगनं हसत हसत हात पुढे केला. काशम्मानं साबणाचं पाणी लावलं, अंगठा तळव्यात दुमडला आणि तो जपून ठेवलेला चुडा चढवायला घेतला, नवरीच्या मापाचा. तो "आई गं" करून विव्हळला तशी पोरं जास्तच हसली. बघता बघता मनगट हिरवंगार झालं.

"बास. काढ आता."

"तूच काढ की."

त्यानं ओढून पाहिलं. हात लालबुंद झाला, पण बांगडी हाडाच्या पुढे सरकेना. चिडून त्यानं हात पायरीवर आपटायला उचलला, तोच पार्वतम्मा किंचाळली, "फोडू नगंस! लग्नाचा चुडा हाय त्यो. घरात शिवलीला पोटुशी हाय, बायकोला अपशकुन करतोस व्हय?"

हात तसाच वर राहिला. काशम्मा शांतपणे म्हणाली, "मी काडते. पर हात धरावा लागंल. रांडमुंडीनं धरलेला चालंल?"

आता कुणी हसत नव्हतं. मोबाइल मात्र सगळे चालू होते.

"काढ की, अक्का," तो पुटपुटला.

"मोट्यानं."

"अक्का, काढ!"

तिनं एकेक बांगडी उतरवली, गरजेपेक्षा जरा जास्तच दाबत. शेवटची ठेवली. "ही ऱ्हाऊ दे. शिवलीलाच्या ओटीभरणाला मला बलाव, मग बगू."

मोर्च्यात सोमलिंग भर उन्हात लांब बाह्यांचा शर्ट घालून गेला. घोषणा देताना त्याचा उजवा हात काही वर झाला नाही, आणि आहेराचं नाव कुणी काढलं नाही.

ओटीभरणाचं बोलावणं द्यायला पार्वतम्मा स्वतः आली. काशम्मानं शिवलीलाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरले, जमलेल्या बायकांचे भरले. सगळ्यांच्या मागं बसलेल्या सोमलिंगनं मग हात पुढे केला. काशम्मानं तो घट्ट धरला.

"मांडवात मला काय म्हनला हुतास, ते परत म्हन. मग काडते."

त्यानं शिवलीलाच्या हातांकडे पाहिलं. तो शब्द आता तोंडातून काढायचा, तर याच हातांनी भरलेला बायकोचा चुडा अपशकुनी ठरणार होता.

"चुकलं, अक्का."

"चुकलं म्हन म्हनले न्हाय मी. त्योच शब्द म्हन."

सगळं घर ऐकत होतं. सोमलिंगची मान खाली गेली ती वर आली नाही. काशम्मानं हात सोडला, माळा खांद्यावर टाकल्या आणि उंबऱ्यावरून मागं वळून सांगितलं, "म्हनशील तवा येईन."

बांगडी अजून त्याच्या हातात आहे.