साहेबाची बाहुली

साहेबानं पायातले जुने बूट काढले आणि शिपायाला सांगितलं, "हिच्या डोक्यावर ठेव."

शिपाई जागचा हलला नाही. मला शिवलं तर तो बाटणार. साहेबाच्या ध्यानात आलं. मग मलाच म्हणाला, "उचल. तूच ठेव."

अप्पा, माझा बाप, त्याच्यापुढं गुडघ्यावर बसला होता. नवे बूट त्याच्या पायांत चढवत होता. आम्ही तेच द्यायला आलो होतो. पायाला अप्पाचा हात चालायचा. व्हरांड्याच्या पायरीला आमचा पाय चालायचा नाही. म्हणून साहेबानं खुर्ची अंगणात टाकून घेतली होती.

मी अप्पाकडं बघितलं. त्यानं मान वर केली नाही.

मी बूट उचलले. डोक्यावर ठेवले. तळव्यांना शेण लागलं होतं. ओलं. ते केसांतनं कानामागं उतरलं.

म्हैसुरात दसऱ्याला प्रदर्शन भरायचं. राज्यातल्या जातीजातीचे मातीचे पुतळे मांडायचं काम त्या साली दरबारातल्या या मिशाळ, पगडीवाल्या साहेबाकडं होतं. त्याला चांभारीण हवी होती. आयती सापडले मी.

"पायातलं काढ," म्हणाला.

"आम्ही घालतो, स्वामी. माझ्या मीच शिवल्यात."

"पुतळ्याला नकोत."

वहाणा काढल्या. ऊन तापलं होतं. समोर तुकोजी माती घेऊन बसला होता. रंगाऱ्यांच्या गल्लीतला. घरात आमच्यासारखीच मराठी. गणपती करायचा. त्याचे हात चालत होते, डोळे मातीत होते. साहेब मागनं सांगायचा, "मान खाली. आणखी खाली. अशी नको, रागीट दिसते."

दुपारभर उभी होते.

घरी येताना मी अप्पाशी बोलले नाही. वेशीपाशी तोच म्हणाला, "काय करू, बाई? पोट आहे." माझ्या पणजोबाला मराठ्यांच्या घोडदळाबरोबर इथं आणलं होतं, खोगिरं शिवायला. घोडदळ मोडलं. आम्ही गावाबाहेरच्या केरीत राहिलो. केरी म्हणजे आमची वस्ती. पोट होतं, तेवढंच राहिलं होतं.

प्रदर्शनात आमच्या लोकांना शेवटच्या दिवशी सोडायचे. मागच्या दारानं. मी गेले. बरोबर मास्तर होते. मास्तर कन्नड माणूस, आमच्याच केरीतला, आमच्याच पोरांना शिकवायचा.

मी तिथं उभी होते. अनवाणी. डोक्यावर बूट. मान छातीत. खाली पाटी. मास्तरांनी वाचून दाखवली.

"चांभार स्त्री. या जातीच्या बायका पायांत काही घालत नाहीत. स्वभावाने मुक्या व आज्ञाधारक."

"हे ह्यांना कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. पण आता हेच खरं झालं. शाळांची पोरं रांगेनं येऊन वाचून गेलीत."

मी हात पुढं केला. पहारेकरी काठी घेऊन धावला. "ए! शिवू नको. बाटेल."

माझा पुतळा. मला शिवून बाटणार.

मला रडू आलं नाही. मला त्या साहेबाला मातीत घालायचं होतं.

तिथनं तडक रंगाऱ्यांच्या गल्लीत गेले. रस्त्यातूनच हाक मारली. तुकोजी बाहेर आला.

"हात तुझे होते."

"होते, अक्का."

"आता त्याचा पुतळा कर."

तो घाबरला. राजवाड्यावरचं काम जाईल म्हणाला. मी हलले नाही. लोक बघायला लागले. मग हळूच म्हणाला, "पुतळ्यांखाली माझं नाव घालू दिलं नाही त्यानं. स्वतःचं घातलं." मग म्हणाला, "करतो. चेहरा पाठ आहे."

मास्तरांना हे पसंत नव्हतं. "आपण न्याय मागू. सूड नको."

"तुम्ही न्याय मागा. मी अडवत नाही. मला हे पाहिजे."

शेवटी पाटी त्यांनीच लिहिली. मी सांगितली, त्यांनी प्रदर्शनातल्यासारखीच कन्नडात उतरवली. "साहेब. या जातीचे पुरुष स्वतःच्या विहिरीचं पाणी स्वतः ओढत नाहीत. स्वभावाने भित्रे. बायकांची मान खाली असली तरच यांना झोप लागते." लिहिता लिहिता मास्तर हसले. मी हसले नाही.

म्हैसुरात नवरात्रात घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. गोंबे म्हणतात. कुणीही यावं, बघावं. पुढच्या दसऱ्याला आम्ही केरीच्या रस्त्यात पायऱ्या रचल्या. वर मी. पायांत वहाणा, मान ताठ. खाली साहेब, गुडघाभर उंच. तीच मिशी, तीच जरीची पगडी. पगडीवर बूट.

आधी आमचे लोक आले. मग रंगारी आले. मग कॉलेजातली पोरं यायला लागली. मी बाजूला उभी राहायचे आणि प्रत्येकाला सांगायचे, "ते बूट माझ्या डोक्यावर होते. कसे आले ते ऐका." पहिल्यांदा आवाज फुटेना. नंतर सगळी केरी ऐकायची.

पोलीस आले. काठ्यांनी बाहुल्या फोडल्या. माझीही फोडली.

ते गेल्यावर तुकोजीनं तुकडे गोळा केले. म्हणाला, "आता साचाच करतो. लहान."

मग आम्ही वीतभर बाहुल्या काढल्या. टोपल्या भरभरून. अप्पाची बंगल्यांवरची कामं बंद झाली, तुकोजीचं वाड्यावरचं गेलं. अप्पानं मला महिनाभर शिव्या घातल्या. मग एका सकाळी बघते तर तो बाहुल्यांच्या डोक्यावरचे बूट शिवत बसलेला. खऱ्या कातड्याचे. बोटाएवढे.

पुढच्या नवरात्रात गावातल्या बायका पदराखाली बाहुल्या घेऊन गेल्या. चांगल्या चांगल्या घरांत खालच्या पायरीवर साहेब उभा राहिला. साहेबाचा टांगा दिसला की पोरं डोक्यावर हात ठेवायची. बोलायची काही नाहीत. नुसते हात ठेवायची.

साहेब केरीच्या तोंडाशी आला. टांग्यातनं उतरला नाही. मला "अम्मा" म्हणाला.

"प्रदर्शनातनं तुझा पुतळा हलवायला लावतो. तू हे बंद कर."

"बेडा," मी म्हणाले. नको.

"मग पाहिजे काय तुला?"

"तुम्ही मेल्यावरही लोकांनी हसावं."

टांगा वळला. मास्तर म्हणाले, घ्यायला पाहिजे होतं, जिंकलो असतो. असतील बरोबर. पण माझी मान त्याच्याशी सौदा करून वर येणार असली, तर ती मला नको होती.

पुढं प्रदर्शनातला पुतळा साहेबाच्या माणसांनीच गुपचूप हलवला. मी काही बंद केलं नाही. आता लोक म्हणतात, साहेब म्हातारा झाला, बिछान्याला खिळलाय, माफ कर. मी करत नाही.

तुकोजीजवळ बसून मी माती मळायला शिकले. सध्या सरकारी शाळेचा हेडमास्तर करतेय, आमच्या पोरांना दाराबाहेर बसवणारा. नाक अजून साधत नाही. मोडते, परत लावते. त्याला बघून त्याच्या बायकोनंही ओळखलं पाहिजे.