पाणी दिसणार नाही इतकी खाली

मानोरा तालुक्यातल्या पाच-सहा तांड्यांमध्ये रेणू आडेला लोक टॉवरवाली म्हणतात. हे नाव पडलं तेव्हा त्यात थट्टा होती. सलवारच्या वर सेफ्टी बेल्ट आवळून, दातांत पाना धरून बाई टॉवरवर चढते हे बघायला पहिल्या दिवशी अर्धा तांडा गोळा झाला होता. रेणूने वरून एकदा खाली पाहिलं, हातातलं काम पुरं केलं, उतरली आणि पाणी मागितलं. त्यानंतर बघायला कोणी आलं नाही, बोलवायला मात्र येत राहिले.

तिचे वडील रामसिंग ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की बायको-पोरांसह ट्रॅक्टरमध्ये बसायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं, अशीच वर्षं गेली. त्यामुळे रेणूची शाळा जूनला सुरू व्हायची आणि दिवाळीला संपायची. पाचवीत तिने वडिलांना सांगितलं की मी येणार नाही, मला आश्रमशाळेत ठेवा. रामसिंगने दोन दिवस विचार केला आणि ठेवलं. पुढे वाशिमला आयटीआय झालं, चार वर्षं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेली. मग मानोऱ्याच्या राजपालने टेकडीवर टॉवर उभा करून गावोगावी बिनतारी इंटरनेट द्यायला सुरुवात केली, तेव्हा ती काम मागायला गेली. राजपालने तिला तक्रारींचे फोन घ्यायला बसवायचं ठरवलं होतं. तिने सांगितलं की फोन कोणीही घेईल, मला चढायचं आहे. सहा महिन्यांत राजपालच्या लक्षात आलं की रेणू जिथे जाऊन येते तिथून त्याच कारणासाठी दुसरा फोन येत नाही.

गेल्या डिसेंबरात एका तांड्यावरच्या शाळेतून अशी तक्रार आली, की जी थांबेचना.

तो तांडा मानोऱ्यापासून अकरा किलोमीटरवर, तलावाच्या बांधाखालच्या खोलगट जागेत आहे. मोबाइलला तिथे रेंज नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची बेचाळीस मुलं हंगामात शाळेतच राहतात आणि त्यांचं सगळं ज्योत्स्ना मॅडम बघतात. मॅडमनी एक नेम ठरवला होता. सकाळी साडेसातला, फडावरची माणसं पहिली गाडी भरून भाकरीला थांबतात त्या वेळी, शाळेच्या लॅपटॉपवरून रोज पाच मुलांनी घरच्यांशी बोलायचं, तोंड बघून. थंडी पडली आणि नेमक्या त्याच वेळी चित्र गोठायला लागलं. हेमला नावाच्या आठ वर्षांच्या मुलीला लागोपाठ तीन पाळ्यांना आई, कमलीबाई, अर्धा शब्द बोललेली, तोंड उघडं, अशीच दिसली. चौथ्या पाळीला हेमला आलीच नाही. पोट दुखतंय म्हणाली. मॅडमना पोटाचं कारण कळलं आणि नेट सुरू होताच त्यांनी शाळेच्या वायफायवरून राजपालला फोन लावला.

राजपालने माणसं पाठवली. त्यांनी केबल बदलली, अडॅप्टर बदलला, शेवटी टॉवरकडे तोंड केलेल्या डिशमागचं यंत्रही बदललं. पण माणसं पोचायची अकराला, आणि अकराला लिंक, म्हणजे टॉवरशी असलेली जोडणी, धडधाकट असायची. राजपालने अमरावतीच्या एका जाणत्या इंजिनिअरला फोनवर विचारलं. मध्ये काहीतरी आडवं येत असणार, डिश वर घ्या, असं त्याने सांगितलं. मग शाळेच्या गच्चीवर लांब पाईप उभा राहिला, चारी बाजूंनी तारा ताणल्या आणि तीस फुटांवरची डिश पन्नास फुटांवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंक पूर्वीपेक्षा जास्त वेळ बंद राहिली.

तेव्हा राजपालने रेणूला पाठवलं. ती दुपारी गेली आणि अंथरूण घेऊन गेली. बिघाड सकाळी होतो तर सकाळी तिथे असायला पाहिजे, एवढाच तिचा हिशेब होता. मॅडमच्या खोलीत मुक्काम करून सहा वाजता ती चहाचा पेला आणि वही घेऊन लॅपटॉपसमोर बसली. सिग्नलचा आकडा उणे असतो. उणे साठच्या आसपास असला की लिंक खणखणीत, उणे ऐंशीच्या पुढे गेला की मेली. रेणू दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत होती. सहाला चौसष्ट, साडेसहाला बहात्तर, सातला त्र्याऐंशी, मग थोडा सावरला, पुन्हा बुडाला. तुटलेल्या केबलचा आकडा असा संथ वरखाली होत नाही, हे तिला अनुभवाने माहीत होतं. नऊ वाजून पाच मिनिटांनी तो आपोआप बासष्टवर आला आणि दिवसभर तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशीही नऊ. तिसऱ्या दिवशीही नऊच्या आगेमागे.

तिसऱ्या दिवशी आकडा सावरल्यावर ती वही मिटून बांधावर गेली. मानोऱ्याची टेकडी तलावापलीकडे, समोरासमोर होती. काठावर भिवाजी भोई जाळं झटकत होता. तो चाळीस वर्षं याच पाण्यावर आहे. रेणूने इकडचं तिकडचं विचारून घेतलं, मग विचारलं, "काका, सकाळी नवाले इथं असं काय होते?"

भिवाजीला प्रश्नाचं नवल वाटलं नाही. "वारं उतरते," तो म्हणाला. "हिवाळ्यात नवाच्या आत पानी हालत नाही पोरी, ताटासारखं पडून राह्यते. नवाले टेकडीवरून वारं आलं का लहरी उठतात. मंग मी जाळं काढतो."

रेणूने आणखी एकच गोष्ट विचारली. मागच्या वर्षी पाणी किती होतं? मागच्या वर्षी तलाव भरलाच नव्हता, डिसेंबरात मधोमध बैलं चरत होती, असं भिवाजीने सांगितलं. मागच्या वर्षी शाळेतून एकही तक्रार नव्हती. यंदा तलाव सांडव्यापर्यंत भरलेला.

ती झपाझप शाळेत आली, बेल्ट बांधला आणि पाईपावर चढली. पन्नास फुटांवर डिशच्या शेजारी डोकं नेऊन तिने टेकडीकडे पाहिलं. समोर टॉवर दिसत होता आणि त्याच्या खाली तलावाचा लांबरुंद पट्टा चमकत होता. वीस फूट उतरली, डिश आधी होती तिथे. पट्टा बारीक झाला, पण होता. आणखी दहा फूट उतरली. आता बांधाची कड पाण्याच्या आड आली. पाणी नाहीसं झालं, टेकडीवरचा टॉवर मात्र पुरा दिसत राहिला. पाईपाला मिठी मारून रेणू तिथेच हसली.

खाली येऊन तिने शाळेच्या वायफायवरून राजपालला फोन केला. "भाऊ, डिश खाली घेऊन राह्यली मी. वीस फुटावर."

राजपालने विचारलं, "इंजिनिअर वर घ्या म्हणते अन् तू खाली कायले घेतं?"

"वरून मले तलाव दिसते. जिथून मले पानी दिसते तिथून पान्यालेबी डिश दिसते. टॉवरचा सिग्नल सरळ येते अन् पान्यावर आपटूनबी येते. सकाळी पानी आरसा असते, तवा दोन्ही एकमेकाले मारतात. नवाले लहरी उठल्या का आरसा फुटते. बांधाच्या आड बसवली तर सरळवालाच येईन."

आजवर जास्त उंची म्हणजे जास्त सिग्नल असंच सगळे धरून चालले होते, आणि पाईप उभा करून आठवडाही झाला नव्हता. राजपालने इंजिनिअरला विचारून सांगतो म्हटलं. रेणूने शांतपणे सांगितलं की विचारा, तोवर माझं काम होईल. उद्या साडेसातला आकडा सत्तरच्या पलीकडे गेला तर मी स्वतः डिश पुन्हा वर चढवते. मग तिने तारा सैल केल्या, डिश उतरवली, बांधाची कड पुन्हा एकदा डोळ्यांनी जोखली आणि नट आवळले. टॉवरच्या दिशेने डिश केसभर डावीउजवीकडे करत तिने आकडा त्रेसष्टवर आणला. पन्नास फुटांवर दिवसा यायचा त्याहून सिग्नल एकाने कमजोर. त्याची तिला फिकीर नव्हती.

दुसऱ्या दिवशी सहाला आकडा त्रेसष्ट होता. साडेसहाला चौसष्ट. सातला तलावावर वाऱ्याची झुळूकही नव्हती, आणि आकडा त्रेसष्ट. साडेसातला मॅडमनी पाळी नसताना हेमलाला आणून बसवलं. ती लॅपटॉपपासून हातभर लांब, अंग चोरून बसली. समोर कमलीबाई आली, डोक्याचं फडकं सोडत, आणि बोलायला लागली ती थांबेना. हेमला आधी हं हं करत होती. मग ती पुढे सरकली, आणि पाच मिनिटांनी आईलाच रागावत होती, की हाताला लागलं तर पट्टी का बांधली नाहीस. मागे बसलेल्या रेणूने वहीत चौसष्ट लिहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण दहा मिनिटांची नोंद तिने चुकवली नाही.

चार दिवसांनी अमरावतीहून इंजिनिअरचा फोन आला. त्याने आढेवेढे न घेता सांगितलं की माझं चुकलं, तुमच्या वहीचे फोटो पाठवा, माझ्याकडे तलावावरून जाणाऱ्या आणखी पाच लिंक आहेत. रेणूने फोटो पाठवले.

फेब्रुवारीत रिसोड तालुक्यातल्या केनवडहून एका ओळखीच्या केबलवाल्याने राजपालमार्फत तिला फोन केला. त्याचीही लिंक बुडत होती आणि डिश किती खाली घेऊ, एवढंच त्याला फोनवर हवं होतं. लिंकच्या वाटेत पाणी आहे का, हे रेणूने विचारलं. नव्हतं. लिंक कधी बुडते ते विचारलं. त्याने वेळ पाहिली नव्हती. मग डिशला हात लावू नका, असं सांगून तिने दोन दिवसांची पिशवी भरली आणि सकाळची पहिली एसटी धरली.