मामांच्या गाडीची थंड हवा

आमच्या मामेसासऱ्यांनी, एक वेळ सोडली तर, आयुष्यात एकही वस्तू दुरुस्तीला दुकानात दिली नाही आणि त्यांच्या घरात एकही वस्तू कधी धड चालली नाही. तरीही त्यांच्याइतका समाधानी मेकॅनिक अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात झाला नसेल. ते माझ्या बायकोचे सख्खे मामा. गोरेगावला त्यांची शेती, दोन बैल, कडुनिंबाच्या सावलीतलं घर, आणि घरात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा. त्या डब्यात पाने, पकडी, तारा आणि मेणबत्तीचे तुकडे असायचे. घरात काही बंद पडलं की मामा डबा घेऊन ओसरीवर बसायचे आणि ती वस्तू उघडायचे. बंद करताना दोन-चार स्क्रू हमखास उरायचे. ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत जायचे. ती बरणी एकदा मी हातात घेतली, तेव्हा मामा अभिमानाने म्हणाले, "जवाईबापू, कंपनीवाले भितात. एका स्क्रूच्या जागी तीन ठोकून ठिवतात."

पण खरी आवड त्यांना तपासाची. वस्तू चालू झाली नाही तरी चालेल, पण ती कोणामुळे बिघडली हे कळलंच पाहिजे, आणि ते ओसरीवर उभं राहून चारचौघांत जाहीर झालंच पाहिजे. याला ते 'गुन्हेगार सापडणे' म्हणत. भिंतीवरचं घड्याळ थांबलं तेव्हा गुन्हेगार एक पाल निघाली. मिक्सर जळाला तेव्हा माझी बायको निघाली. तेरा वर्षांची असताना तिने त्यात म्हणे अख्खी सुंठ घातली होती. ती आता दोन पोरांची आई आहे, पण अजून तिच्यासमोर सुंठ आली की मामा नुसतं खाकरतात. त्यांच्या या कोर्टात अपील नव्हतं. मामी सोडून घरातल्या प्रत्येकाला एकदा ना एकदा शिक्षा झालेली होती, आणि मामी सुटल्या त्या केवळ कुठल्या यंत्राच्या वाटेला जात नसत म्हणून.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्याच्या आदल्या वर्षी मामांनी नांदेडच्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी गाडी घेतली. गाडीत एसी होता. त्या काळी आमच्या भागात लग्नाच्या मांडवातसुद्धा पंखा एकच, आणि तो नवरदेवाकडे तोंड करून. त्यामुळे गाडी बघायला पार साखरा गावापासून माणसं आली. मामा एकेकाला आत बसवत, काचा वर करत आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहत. तो पहिला उन्हाळा गाडीने खरोखर थंडगार काढला. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र बटण दाबलं की घरघर आवाज यायचा आणि भाकरी थापताना चुलीची येते तशी झळ तोंडावर यायची.

जिल्हा झाला त्या वर्षी धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला होता आणि माझं लग्न नवं होतं. धोंड्याच्या जेवणाला जावयाला एसटीने कसं आणायचं, म्हणून मामा स्वतः मला घ्यायला हिंगोलीला आले. शेजारी मामी होत्या. गाव येईपर्यंत आम्ही काचा उघड्या टाकून गरम वारा खात सुखाने आलो. गोरेगावचा बाजार दिसू लागला तसे मामा म्हणाले, "काचा वर घ्या." मला कळेना. "लोक बघून राहिले," ते म्हणाले. बाजाराचा दिवस होता, माणसं आणि बैलगाड्यांतून गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली, सगळ्या काचा बंद, आणि आतून मामा दोन्ही बाजूंना हात हलवत होते. मलाही हसून हात हलवायला सांगितलं होतं. नव्या सफारी सुटातून माझा घाम बुटात उतरला. घरी पोचलो तेव्हा मामी गाडीतून उतरल्या आणि अंगणातच मटकन खाली बसल्या. तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "ह्या गाडीत काचा लावून म्या पुन्हा बसायची न्हाई."

मामांना ते फार लागलं. त्या दिवसापासून त्यांनी एसीचा तपास हाती घेतला, आणि तो चार वर्षं चालला. कूलरचा वाळा कापून त्यांनी हवेच्या झरोक्यांत कोंबला. दोन दिवस गाडीला छान वास आला आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना शिंका सुरू झाल्या. मग बर्फाची लादी पायाशी ठेवून पंखा लावून पाहिला. सेनगावला पोचेपर्यंत मामांच्या चपला तरंगत होत्या. पंखा उघडला, बटण उघडलं, समोरची फळी उघडली. बरणी भरली, दुसरी बरणी आली. मी एकदा भीत भीत म्हणालो, "मामा, हिंगोलीत एसीवाला आहे, त्याला एकदा दाखवू." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचे बैल कोणाला दान करायला सांगितले. "आपल्या लेकराची नाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची व्हय?"

गाडी खरंच त्यांच्या घरात लेकरासारखी होती, किंवा बैलासारखी म्हणा. त्या घरात दोन्हीचा मान सारखाच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी व्हायची. मामी तुपात हळद कालवून पळसाच्या पानाने बैलांचे खांदे मळायच्या आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायच्या. गाडी आल्यापासून तिसरं आवतन गाडीला. "वर्षभर ती बी वढते की," मामी म्हणायच्या. मामा तेव्हा गोठ्यात शिंगं रंगवण्यात गुंतलेले असत. दुसऱ्या दिवशी गाडीला झूल, गळा नाही म्हणून आरशाला घुंगुरमाळ, आणि नाकासमोर पुरणपोळी. मला हे सगळं बघून हसू यायचं आणि आवडायचंही.

मग मामींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. तांदळातला खडा दिसेना, दारात उभ्या माणसाला त्या आवाजावरून ओळखू लागल्या. एकदा मला त्यांनी दूधवाला समजून पातेलं पुढे केलं. नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता हिवाळ्याची वाट बघू नका, एक डोळा तर लगेच करावा लागेल. वर बजावलं, घरी नेताना डोळ्याला वारा आणि धूळ लागता कामा नये, काचा बंदच ठेवा. वैशाखाचं ऊन, तीन तासांचा रस्ता आणि बंद काचा! मामींनी ऐकलं आणि सरळ सांगितलं, "मग डोळे राहू द्या. जेवढं दिसून राहिलं तेवढं पुरे. म्या त्या भट्टीत न्हाई बसत." सगळ्यांनी समजावलं. भाड्याची थंड गाडी आणतो म्हटलं, तर घरची गाडी दारात असताना परक्या गाडीत बसायला त्या तयार नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "ही गाडी गार झाली तर येते."

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगोलीत माझ्या दारात गाडी उभी. मामा काच खाली करून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो तुमचा एसीवाला कुठं बसतो?"

एसीवाला म्हणजे पन्नाशीचा, कानावर बिडी ठेवलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने एसी चालू केला, बॉनेट उघडलं, आणि मामांनी चार वर्षांत ज्या जागी कधी हात घातला नव्हता तिथे, अगदी पुढे नाकाशी वाकून बघितलं. इंजिनाच्या पुढे बारीक पत्र्यांची एक जाळी असते. त्याने स्क्रूड्रायव्हरने ती खरवडली. पिवळा, चिकट, भुशाने भरलेला लगदा निघाला. त्याने तो हुंगला.

"मामू, ये तो हलदी है! गाडी को मार लगा था क्या?"

मामा पुढे आले. त्यांनीही हुंगलं. जुनं तूप, हळद, वर सोयाबीनचा भुसा आणि रस्त्याची धूळ, पोळ्यामागून पोळा साचत गेलेलं. मेकॅनिकने समजावून सांगितलं की आतली गरमी या जाळीतून बाहेर पडते. जाळीच लिंपली तर गरमी जाणार कुठे आणि हवा गार होणार कशी? बैलाचा खांदा तसा गाडीचा पुढचा भाग, हे मामींचं गणित बरोबरच होतं. त्यांनी मनापासून, एक फटही न सोडता मळलं होतं. मी मामांकडे बघत होतो. चार वर्षांचा तपास संपला होता, गुन्हेगार सापडला होता, आणि तोही असा की ओसरीवर उभं राहून जन्मभर सांगावा. मामा मात्र स्टुलावर बसले ते बसलेच. जाळी धुऊन झाली, थोडा गॅस भरला, आणि झरोक्यातून गार हवा आली. त्यांनी तिच्यासमोर हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मी त्यांच्यासोबत गोरेगावला गेलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "जवाईबापू, तिथं काई बोलू नका." अंगणात माणसं जमलीच होती. मामी खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं हुतं वो? कोनाची चूक?" सगळे मामांच्या तोंडाकडे बघू लागले. मामा डबा शोधत असल्यासारखे इकडेतिकडे बघत म्हणाले, "कोनाची न्हाई. गॅस संपला हुता."

त्या माणसाच्या तोंडून 'कोनाची न्हाई' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. गुन्हेगाराशिवाय कोर्ट उठल्याचं बघून शेजारी जरा नाराजच झाले.

ऑपरेशन छान झालं. मामींना आणताना मी पुढे बसलो होतो. बाहेर कळमनुरीच्या रस्त्यावर ऊन नुसतं थरथरत होतं, आणि मागे मामी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून गाढ झोपलेल्या. मध्येच जाग्या होऊन म्हणाल्या, "अवो, बंद करा आता ते. थंडी वाजून राहिली." मामांनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं एसी बंद करतात. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, मामींच्या अंगावर घातलं, आणि हवा तशीच चालू ठेवून पुन्हा चाक धरलं. पुढचे दहा-बारा किलोमीटर ते स्वतःशीच हसत होते. बाजारातून जाताना काचा बंदच होत्या, पण हात हलवायचं या वेळी ते विसरून गेले.

पुढे पोळा आला. मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. आदल्या संध्याकाळी मामी हळदतुपाची वाटी घेऊन गाडीसमोर आल्या, आणि मामा शिंगं रंगवत राहिले. सकाळी मामी आंघोळीला गेल्या तशी त्यांनी कपाशीच्या फवारणीचा पंप काढला, त्यात सोडा घातलेलं कोमट पाणी भरलं, आणि जाळीची एकेक पट्टी धुऊन काढली. मग पंप जागेवर ठेवून हात पुसत ओसरीवर येऊन बसले. असं पुढे दर पोळ्याला चाललं. मला वाटायचं, हे गुपित मामांचं आणि माझं.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी स्वयंपाकघरात पाणी मागायला गेलो, तर मामी खिडकीशी उभ्या. बाहेर मामा पंप मारत होते. मी गडबडलो. मामी शांतपणे म्हणाल्या, "डोळे काहून केले म्या? दिसते की समदं."

"मग मामी, तुम्ही लावता कशाला?"

"न्हाई लावलं तर त्यायला समजल, हिला कळलं म्हून. मंग उगं तकलीफ करून घेतील जिवाला." एवढं बोलून त्या कणीक मळायला बसल्या.

आता ती गाडी कडुनिंबाखाली उभी आहे. चाकांतली हवा कधीच गेली, कोंबडी मागच्या सीटवर अंडी घालते, आणि एसीचं बटण दोन नंबरच्या बरणीत आहे. परवाच्या पोळ्याला मामींनी आदल्या संध्याकाळी हळदतुपाची वाटी घेऊन नेहमीसारखं गाडीला आवतन दिलं. सकाळी मामा उठायला गेले आणि गुडघे धरून परत खाटेवर बसले. या माणसाने मला, घरच्या जावयाला, इतक्या वर्षांत पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "जवाईबापू, एक काम सांगू का? तेवढं धुऊन टाका. तिला दिसायच्या आत."

मी पंप पाठीवर घेतला. ती जाळी आता कशालाच गार करणार नव्हती, तरी मी एकेक पट्टी नीट धुतली. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे जरा वेळ लागला. स्वयंपाकघराच्या खिडकीत मामी उभ्या होत्या. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं, आणि त्या तिथूनच ओसरीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "जवाईबापू कुठं गेले वो? चहा झाला."

"गाडीची हवा बघून राहिले," मामा म्हणाले.

"बरं," मामी म्हणाल्या. "सावकाश बघू द्या."