विहिरीतला कोनाडा

माझी नात फ्रीडायव्हिंग शिकतेय. पाठीवर हवेची टाकी नाही, काही नाही. वर जेवढा श्वास घेतला तेवढ्यावर खोल जायचं आणि परत यायचं. यंदा पहिल्यांदाच स्पर्धेत उतरणार. हे वेड कुठून लागलं असं कुणी विचारलं, की म्हणते, "आजीकडून." कपाटाच्या दारावर तिने कागद चिकटवला होता: 'आजी – दोनशे.' तो आकडा तिला मोडायचा होता. त्या कागदाकडे मी बघायचीच नाही, बाई.

गिरगावात आमच्या वाडीत विहीर होती. कळशी पडली की गळ टाकायचा, आणि गळाला नाही लागली तर आम्हा पोरींपैकी एकीला कमरेला दोर बांधून खाली सोडायचं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. सभा असली की वाडीतले पुरुष झाडून जायचे, आणि विहीर आम्हा बायकापोरींची. मग कळशी पडलेली नसली तरी बुड्या. खेळात दोर कोण बांधतंय! काठावरच्या बायका मोठ्याने आकडे मोजायच्या. मी दोनशेपर्यंत वर यायची नाही. सगळ्या तोंडात बोटं घालायच्या.

खरं असं, की पाण्यालगत, पिंपळाच्या मुळांआड, भिंतीत एक कोनाडा होता. वरून दिसायचा नाही. पाण्याखालून तिथे जायचं, नाक बाहेर काढून आरामात आकडे ऐकत बसायचं. दोनशे आले की परत बुडी, आणि मधोमध वर.

शेजारच्या खोलीत मालवणकडची मुलगी होती, माझ्याच वर्गातली. खरी पाणबुडी तीच. कोनाड्याबिनाड्याशिवाय शंभरापर्यंत टिकायची. एकदा जिन्यात तिने मला गाठलं.

"तुझो दम इतको पुरता कसो गो? माका सांग मा."

खरं सांगितलं तर माझा तोरा गेला. मी म्हटलं, "छाती फुटेल असं वाटलं ना, की घाबरायचं नाही. आणखी पन्नास मोजायचे. पुढे काही वाटत नाही."

"खरा?"

"आईशप्पथ."

पुढच्या सभेच्या दिवशी ती उतरली. शंभर झाले. सव्वाशे झाले. बायका ओरडल्या, "शाब्बास गो बाय!" मग बुडबुडे आले, आणि मग तेही थांबले. मला कळलं होतं. तरी माझ्या तोंडून आकडेच निघत राहिले. तिच्या काकूने कासोटा खोचला आणि धाडकन उडी टाकली.

वर काढली तेव्हा ओठ जांभळे. पालथी घातली, पाणी ओकली, रडली. वाचली हो. पण काकू तिच्यावरच कडाडली, "जमणा नाय तर दुसऱ्याची बरोबरी कित्या करतंस?" ती खाली बघत राहिली, माझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यानंतर तिला कुणी पाण्यात उतरू दिलं नाही. मी गप्पच.

पुढे कितीतरी वर्षांनी भोईवाड्यात एका लग्नात भेटली. सुनांना हाक मारून म्हणाली, "हीच ती गो! दोनशे मोजीपर्यंत पाण्याखाली रवायची!" केवढं कौतुक तिच्या तोंडावर. आणि मी हसले. हसून जिलबी खाल्ली.

परवा नात क्लासवरून आली. "आजी, एकशे ऐंशी झाले! छाती फुटायला येते तेव्हा तू काय करायचीस गं?"

तोच प्रश्न. मी भाजी निवडत होते, हात थांबला. कोनाड्यापासून जिलबीपर्यंत सगळं सांगितलं.

तिने माझ्यापुढची भाजी बाजूला सारली. मग विचारलं, "त्या आजी आहेत?"

"आहे. घोडपदेवला, मुलाकडे."

"आमच्यात वर आल्यावर पहिलं तोंडाने सांगावं लागतं, मी ठीक आहे म्हणून. नाही सांगितलं तर बुडीच धरत नाहीत." तिने कागद दारावरून सोलून काढला, घडी करून माझ्या हातात दिला. "हा त्यांना नेऊन दे. तूच."

दोन रविवार गेले, कागद अजून माझ्याकडेच आहे. पहिल्या रविवारी गुडघा दुखत होता असं मी सांगितलं. दुखत नव्हता.