क्रेनवरची मोरॅग

पिक्टू या बंदरगावात आडनावानं हाक मारून कुणी वळत नसे. अर्धं गाव मॅकडोनल्ड. म्हणून कुणाला धंद्यावरून, कुणाला नाकावरून नाव पडायचं. मोरॅगला ते लढाईच्या दिवसांत पडलं. क्रेनवरची मोरॅग.

नवरा अँगस पलटणीत गेला तेव्हा ती शेवंडं डब्यात भरायच्या कारखान्यात होती. गोदीत माणूस उरला नाही म्हटल्यावर मुकादम डुगल्डकाकांनी तिला क्रेनची शिडी दाखवली. "चढ. खाली बघू नको." ती चढली, आणि खाली बघितलंच. सगळी खाडी मांडीवर घेतल्यासारखी वाटली तिला.

गोदीत हातोड्यांच्या आवाजापुढं बोलणं ऐकू येत नसे, सगळा कारभार हातांच्या खुणांवर. बोट फिरलं की खाली सोड, पंजा उघडला की थांब. ती सवय इतकी हाडात मुरली की रविवारी देवळातून निघताना दारात पाद्रीबाबांनी आशीर्वादाला पंजा उचलला की गोदीतल्या चौघी जागच्या जागी थिजायच्या आणि मागची रांग त्यांच्यावर आदळायची. "आगं, देऊळ हाय हे, चला पुढं!" म्हाताऱ्या फिस्कारायच्या.

लढाई संपली. पुरुष परतले. बायकांना गोदीनं चहाचा एकेक डबा दिला, टाळ्या वाजवल्या आणि फाटक लावलं. क्रेनवर अँगसचा चुलतभाऊ सँडी बसला.

अँगस धड परतला याचं तिला सुख होतंच. दोन पोरंही झाली. पण टेकडीवरच्या दोरीवर कपडे घालताना तिची नजर गोदीकडंच.

"घाई करतोय मेला सँडी. मालाचा झोका बसू दे की आधी," ती पुटपुटायची.

"चादर वाळत घालतीस का बोटीत उतरवतीस?" अँगस हसायचा. तीही हसायची. एकदा, फक्त एकदा वर जाऊन बसायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं. ते मात्र ती कुणाला बोलली नाही.

असे तीन-चार हिवाळे गेले. मग एका सकाळी डुगल्डकाका स्वयंपाकघराच्या दारात टोपी चुरगाळत उभे.

"सँडी बर्फावरनं पडला. पाय मोडला. फेरीबोटीत बॉयलर बसवायचाय, आन् खाडी गोठत आलीय. येतीस का?"

तिनं अँगसकडं पाहिलं.

"पोरांना कोण बघंल?" तो म्हणाला.

"तू."

"मी?"

"बाप हाईस का पाव्हणा?"

काका खोकल्याआड हसले. अँगसनं मुकाट्यानं लापशीचा चमचा हातात घेतला.

क्रेनवरची खोली तशीच होती, फक्त सँडीच्या तंबाखूचा वास होता. तिनं दांड्यावर हात ठेवला. बॉयलर उचलला तो झोका न देता; काकांचं बोट फिरत राहिलं आणि ते धूड बोटीच्या पोटात अंड्यासारखं अलगद बसलं. खाली माणसांनी टोप्या उडवल्या.

ती उतरून आली. "उद्या काय उचलायचंय?"

"उद्या काय न्हाई. आता बर्फ वितळंस्तवर गोदी बंद."

"आन् मग?"

काका बुटाकडं बघत राहिले. "मग सँडी येतोय. वरच्या साहेबांनी सांगितलंय, बाईमाणूस फक्त आजच्या दिवसापुरतं. मी भांडलो, मोरॅग."

"बरं." तिनं वर क्रेनकडं पाहिलं. मग म्हणाली, "काका, आजच अजून कायतरी उचलायला द्या."

"काय देऊ? काय न्हाई उरलं."

"कायबी द्या."

त्यांनी आवारभर नजर फिरवली. कुंपणापाशी जहाजाचा एक गंजका नांगर कधीचा पडून होता. मोरॅग पुन्हा शिडी चढली. काका तिकडं चालत गेले, स्वतः साखळी अडकवली आणि बोट वर केलं.

नांगर जमिनीवरून सुटला, छपरांच्या वर आला, खाडीवरच्या उजेडात गेला. तिथं तिनं तो धरून ठेवला. काकांनी उतरवायची खूण केली. पुन्हा केली. मोरॅगनं पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.