बेंच खाली है

आमच्या ह्यांना, म्हणजे मोरेश्वररावांना, पांढुर्ण्यात सारे ‘उभे शेठ’ म्हणतात. कापडाच्या दुकानात जन्म गेला, पण गादीवर टेकून बसले असतील तर शपथ! गिऱ्हाईक आलं की उभे, गेलं की दुसऱ्याची वाट पाहत दारात उभे. चहासुद्धा उभ्याउभ्याच. ह्यावरून मी किती भांडले असेन, देवालाच ठाऊक.

अन् गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हाच माणूस खुर्ची सोडेना! एकदा न्हाणीत पाय घसरून पडले, तेव्हापासून मनात भीतीच बसली. डॉक्टर म्हणाले, चालले नाहीत तर पाय कायमचा आखडेल. हे म्हणत, "उद्या चालतो." तो उद्या काही उजाडेना. दुकान आमचा पंकज सांभाळतो, हे आपले खिडकीतून रस्ता पाहत बसत. मला तर बाप्पा, रागही यायचा अन् रडूही.

पोळा झाल्यावर आमची लेक मृणाल नागपूरहून आली. म्हणाली, चला, जंगलातला धबधबा पाहू, गाडी पार वरपर्यंत जाते. "मी वरूनच पाहीन," ह्यांनी आधीच अट घातली. "पायऱ्या उतरा म्हणाल, त गाडीतच बसतो." मी हो म्हटलं, कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळल्या अन् निघालो.

वर पोचलो तर धबधबा दिसेना, नुसता आवाज. समोर खोल जाणाऱ्या पायऱ्या, अन् त्यांच्या तोंडाशी श्रावण नावाचा गार्ड तिकिटं फाडत बसलेला. ह्यांनी विचारलं, "भैया, बैठने को बेंच मिलेगा क्या?"

त्यानं मानही वर केली नाही. "बेंच खाली है, बाबूजी."

बेंच आमच्या मागंच होता, झाडाच्या सावलीत, रिकामा. हिंदीत खाली म्हणजे रिकामा, हे आमच्या हिंदी-मराठी मिसळलेल्या पांढुर्ण्यात शेंबड्या पोरालाही कळते. पण हे पुटपुटले, "खाली हाय म्हणते," अन् मराठीतलं खाली धरून चक्क पायऱ्यांकडे वळले! मृणालनं तोंड उघडलं, तसा मी तिला करकचून चिमटा काढला.

चालले की हो बाप्पा हे! कठडा धरून एक पायरी, थांबले, मग दुसरी. तोंड सुरूच. "ही काय बेंच ठेवायची जागा हाय? कोन्या शहाण्यानं ठेवला असन?" मी मागून म्हणे, "असेल हो, अजून थोडं खाली असेल." मध्येच कठडा संपला. ह्यांचा पाय लटलट कापायला लागला. आता पडले तर पाप माझ्या माथी! खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडणार, तोच ह्यांनी पाय पुढे टाकला.

वळण घेतलं अन् समोर तो धबधबा! तुषारांनी ह्यांचा चष्मा भिजला. दगडावर टेकले, पाय पाण्यात सोडले अन् किती महिन्यांनी पोट धरून हसले. मलाही राहवलं नाही. "फसवलं की नाही तुम्हाला? बेंच वरच होता!"

"मले काय हिंदी येत नाही?" हे म्हणाले. "जन्मभर हिंदी गिऱ्हाइकांना कापड विकलं. बेंच त मले गाडीतूनच दिसला होता."

"मग उतरले काहून?"

"चालतो म्हणून निघालो असतो अन् अर्ध्यातून फिरलो असतो, त तुमच्यापुढं नाक कापलं गेलं असतं. बेंच शोधणारा माणूस कुठूनही वापस फिरू शकते, त्याले कोनी हसत नाही."

"सोंगाडे कुठले!" मी ओंजळभर पाणीच उडवलं ह्यांच्या अंगावर. पाणी उडवता उडवता माझेच डोळे भरून आले.

हे हसले, मग मान वर करून पायऱ्यांकडे बघत राहिले. आवाज एकदम खाली आला. "उर्मिला, उतरलो त खरं. पण चढायचं भेव वाटून राहिलं."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी पहिल्यांदाच हे असं तोंडानं सांगितलं होतं. मी पदर खोचला अन् हात पुढे केला. "मलेही वाटून राहिलं," म्हटलं. "धरा."