ढालीचा पाव सेकंद

ऑफिसात तिला सगळे तराजूबाई म्हणत. युद्धाच्या व्हिडिओ गेममध्ये वार किती जोरात लागावा, ढाल किती वेळ टिकावी, हे आकडे ठरवणं तिचं काम. बाईंचं बूड एका जागी टेकत नाही, असंही म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. आकडा बदलला की ती खुर्ची सोडून खिडकी ते दार येरझाऱ्या घालायची.

गेल्या महिन्यात ऑनलाइन एकमेकांशी लढणाऱ्यांनी ओरडून तिचं डोकं उठवलं होतं. ढाल फार वेळ टिकते, दोघंही आडोशाला बसून राहतात, लढाई पुढे सरकतच नाही. तिने अर्ध्या सेकंदाचा पाव सेकंद केला. ओरड थांबली, साहेबांनी पाठ थोपटली. तिला मात्र काहीतरी राहून गेल्यासारखं टोचत राहिलं.

रविवारी ती वडिलांकडे गेली. बाबा घड्याळजी. वर्षभरापूर्वी उजवा हात थरथरायला लागला, तेव्हापासून दर रविवारी ते लेकीचा गेम एकटेच खेळत, कॉम्प्युटरच्या सैन्याविरुद्ध. किल्ल्याचा दरवाजा राखला की म्हणत, "चला, हात शाबूत आहे. उद्या दुकान उघडायचं."

आज गेम बंद होता आणि टेबलावर चिमटे, स्क्रूड्रायव्हर, भिंग, सगळं कापडात गुंडाळून ठेवलेलं.

"हे काय, बाबा?"

"तीन रविवार झाले, दरवाजा राखता येत नाही. हाताने राजीनामा दिला गं. उद्या हे सगळं शेजारच्या दुकानात देऊन टाकतो."

तिला एकदम उमगलं. दोन्ही खेळांना आकड्यांचा तक्ता एकच होता. ऑनलाइन दोघांचीही ढाल निम्मी झाली, फिटंफाट. एकट्याच्या खेळात ढाल फक्त बाबांकडे होती. समोरचे सैनिक नुसते वार करत सुटायचे. म्हणे तराजूबाई! एवढं साधं कळलं नाही.

"तुमचा हात नाही बाबा, मी बदललं ते. माझी चूक."

लॅपटॉपवर गेमची कामाची प्रत होती. तिने दोन तक्ते वेगळे केले, बाबांच्या ढालीला जुना वेळ परत दिला. बाबा खेळले, दरवाजा राखला. ती टाळ्या वाजवणार, तोच त्यांनी मान वळवली.

"माझ्यासाठी सोपं केलंस ना?"

"नाही हो! आधी होतं तसंच केलं."

"तू असंच म्हणणार."

तिने आकडे दाखवले, त्यांनी पाहिलेही नाहीत. आकडे लिहिणारी तीच होती ना. तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

बाबांनी गुंडाळी सोडली, भिंग डोळ्याला लावलं, एक बंद पडलेलं लेडीज घड्याळ पुढे ओढलं. चिमट्यातला स्क्रू निसटून टेबलावर घरंगळला. तिने हात पुढे केला.

"हात लावू नकोस! इथलं तरी तुला बदलता येत नाही ना?"

ती मागे सरली. खिडकी ते दार, दार ते खिडकी. दुसऱ्यांदाही स्क्रू निसटला. तिसऱ्यांदा बसला. बाबांनी पुढचा स्क्रू उचलला.

"बस की आता कुठेतरी," ते म्हणाले. "तुझ्या येरझाऱ्यांनी टेबल हलतंय."